रडण्यातला सूर

साडेपाच वर्षांचा एक मुलगा संगीताच्या खोलीत आला, तोच मुळी किंचाळत. त्याला ना कोणाचे बोलणे समजत होते, ना स्वतःला काही सांगता येत होते. तो पाय आपटी, खोलीभर धावे, पुन्हा आक्रोश करी. अशा वेळी आपण काय करतो? 'उगी, उगी' म्हणतो, खाऊचे आमिष दाखवितो, नाहीतर रागे भरतो. खोलीत पियानोपाशी बसलेल्या गृहस्थाने यांपैकी काहीच केले नाही. तो कान देऊन ऐकू लागला. मुलाचे किंचाळणे कोणत्या स्वरात आहे, हे त्याने ताडले आणि त्याच स्वराला धरून, तितक्याच आवेगाने, तो वाजवू व गाऊ लागला.

तान्ह्या बाळाचे रडणे तुम्ही लक्षपूर्वक ऐकले असेल, तर त्यातही चढउतार असतात, हे तुम्हांस ठाऊक असेल. आवाज म्हटला की त्याला उंची आलीच. तेव्हा त्या मुलाच्या आक्रोशातही सूर होते. मात्र ते सूर म्हणून आजवर कोणी ऐकले नव्हते. पियानोच्या साथीने झाले असे, की मुलगा किंचाळे ते पियानोच्या स्वरांशी जुळू लागले. पुढच्या काही भेटींत त्याचे किंचाळणे ओसरत गेले. गृहस्थ एक लहानशी ओळ गाई व थांबे. त्या थांबलेल्या जागी मुलगा आपला स्वर घाली. जो कोणाला उत्तर देत नसे, तो आता गाऊन उत्तर देऊ लागला होता.

ही हकीकत अमेरिकेतील असून १९६० नंतरच्या दशकातील आहे. पियानोवर बसलेल्या त्या गृहस्थाचे नाव पॉल नॉर्डॉफ. मुलाच्या जवळ राहून त्याला मदत करणारे दुसरे गृहस्थ क्लाइव्ह रॉबिन्स. या दोघांनी मिळून संगीतोपचाराची जी पद्धत घडविली, ती त्यांच्याच जोडनावाने ओळखली जाते.

नॉर्डॉफ यांचा जन्म १९०९ साली फिलाडेल्फिया येथे झाला. ते नावाजलेले संगीतकार होते. मार्था ग्रॅहम या प्रख्यात नर्तकीच्या नृत्यनाट्यांना त्यांनी संगीत दिले होते आणि न्यूयॉर्क राज्यातील बार्ड महाविद्यालयात ते संगीताचे प्राध्यापक होते. १९५८ साली ते युरोपच्या प्रवासास गेले असता, अपंग मुलांच्या संगोपनात संगीताचा उपयोग कसा करतात, हे त्यांच्या पाहण्यात आले. ते पाहून हा मनुष्य इतका भारावला, की त्याने प्राध्यापकाची नोकरी सोडली. १९५९ साली ते इंग्लंडमधील क्लेंट या गावच्या सनफील्ड या बालगृहात येऊन राहिले. क्लाइव्ह रॉबिन्स तेथेच मुलांचे शिक्षक होते. एकाच्या हाती संगीत होते, दुसऱ्याला मुलांची नस ठाऊक होती. पुढची सतरा वर्षे या दोघांनी एकत्र काम केले.

ज्या मुलांसाठी हे काम चाले, त्यांच्या अडचणी एकसारख्या नव्हत्या. काही मुलांच्या मेंदूची वाढ संथ होती. काहींना मेंदूच्या इजेमुळे हातपाय हवे तसे हलविता येत नसत. काही मुले स्वमग्न होती. स्वमग्न मुलाला ऐकू येते, दिसते. परंतु समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव, बोलण्यातला रोख, 'आता तुझी पाळी' ही खूण, या गोष्टी तुम्हांआम्हांस जशा न शिकविता उमगतात, तशा त्याला उमगत नाहीत. एखादा साधा आवाजही कधी त्याला सोसवत नाही. त्या काळी कित्येक तज्ज्ञ याचा दोष आईच्या माथी मारीत आणि तिने पुरेशी माया लावली नाही, असे म्हणत. तो समज पुढे सर्वस्वी खोटा ठरला. स्वमग्नता जन्मतःच मेंदूच्या घडणीत असते; तिला कोणाची माया कमी पडल्याचे कारण नसते. कितीएक मातांनी हा खोटा ठपका निमूटपणे सोसला, याची मोजदाद मात्र कोणी ठेवली नाही.

आता संगीताने अशा मुलांशी संवाद कसा साधतो, ते पाहू. बोलणे ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही. ऐकलेल्या शब्दांचा अर्थ लावावा लागतो, उत्तराचे शब्द शोधावे लागतात, ते जुळवून योग्य क्षणी उच्चारावे लागतात. ढोलावर एक थाप मारावयास यांतले काहीच लागत नाही. तरीही ती थाप हे उत्तर होऊ शकते. पियानो दोनदा वाजला, ढोल दोनदा वाजला, की दोघांचे काही बोलणे झाले. आपल्याकडे मैफलीत गवई एखादी जागा घेतो आणि संवादिनीवाला तीच जागा उचलून धरतो, तेव्हा त्या दोघांत जे घडते, त्याच जातीचे हे बोलणे होय. फरक इतकाच, की येथे गवई म्हणजे ते मूल आणि निष्णात वादक त्याचा साथीदार! मूल जे काही करील, मग ते रडणे असो, डुलणे असो वा फेऱ्या मारणे असो, त्याला संगीताची साथ द्यावयाची, हा या पद्धतीचा पाया आहे. त्यासाठी ठरलेले गाणे चालत नाही; वादकाला त्या त्या क्षणी नवे संगीत निर्माण करावे लागते.

लयीची आणखी एक गंमत आहे. मनुष्य स्वस्थ बसून नुसता ठेका ऐकत असला, तरी शरीराची हालचाल चालविणारे त्याच्या मेंदूचे भाग जागे होतात, असे मेंदूच्या चित्रणांतून दिसून आले आहे. ठेका ऐकता ऐकता आपला पाय आपोआप हलू लागतो, तो याचमुळे. म्हणून ज्या मुलाला हात उचलणे कठीण जाते, त्याच्यापुढे ढोल अशा जागी ठेवतात की त्याला तो अशक्त हात पुढे करावाच लागेल. आणि वाजविण्याच्या ओढीने तो पुढे होतो. शिंगासारखे एकाच स्वराचे वाद्य फुंकताना ओठांना व श्वासाला व्यायाम मिळतो, तो निराळाच.

नॉर्डॉफ व रॉबिन्स यांनी खोलीत एक ढोल व एक झांज ठेवली आणि प्रत्येक मूल ढोल कसा वाजविते, याचे बारकाईने निरीक्षण केले. प्रत्येक भेटीचे ध्वनिमुद्रण होई. मूल घरी गेल्यावर दोघे ती फीत पुन्हा पुन्हा ऐकत आणि कोणत्या क्षणी काय घडले, याची टिपणे काढीत. त्यांतून अनेक तऱ्हा ध्यानी आल्या. एखादे मूल यंत्रासारखे एकाच गतीने वाजवीत राही. पियानो हळू झाला काय नि जलद झाला काय, त्याला त्याचे सुखदुःख नसे. एखाद्याच्या थापांत कसलाच मेळ नसे. एखादे मूल तर मोठे चतुर! पियानोचा ठोका आपल्या ठोक्याशी जुळतो आहे असे वाटताच ते मुद्दाम पुढे पळे किंवा मागे राही. वरवर पाहणाऱ्यास यात केवळ गोंगाट ऐकू आला असता. या दोघांस त्यात उपयोगाची माहिती दिसली, कारण जे मूल पियानोला टाळते, त्याने पियानो ऐकलेला असतो. ज्याला ऐकूच येत नाही, तो टाळील कशाला?

प्रत्येक मुलाच्या ठायी, त्याचे अपंगत्व कितीही मोठे असो, संगीताला ओ देणारे एक मूल असतेच, अशी या दोघांची धारणा होती. त्या मुलाला त्यांनी 'संगीत-बालक' असे नाव दिले.

एकट्याने वाजविणे जमू लागले, की मुलांना गटात आणीत. या खेळांसाठी नॉर्डॉफ स्वतः गीते रचीत आणि ही गीते बालिश नसत. त्यांत खरे, कसदार संगीत असे. एका खेळात चार मुले व चार ढोल. प्रत्येकाने आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचे आणि पाळी येताच वाजवावयाचे. तुम्हांस यात काही विशेष वाटणार नाही. पण हातात टिपरू असताना, समोर ढोल असताना, ते न वाजविता थांबणे हे त्या मुलांच्या दृष्टीने केवढे कठीण काम! 'पिफ-पाफ-पोल्ट्री' नावाचा दुसरा एक खेळ ग्रिमबंधूंच्या कथेतील झाडू बांधणाऱ्या नायकावरून रचलेला होता.

१९६२ ते १९६७ या काळात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्वमग्न मुलांच्या केंद्रावर त्यांनी काम केले. १९७४ साली लंडन येथे या पद्धतीचा पहिला प्रशिक्षणवर्ग निघाला. १९७७ साली त्यांचे प्रमुख पुस्तक प्रसिद्ध झाले व त्याच वर्षी नॉर्डॉफ निवर्तले. रॉबिन्स यांनी आपली पत्नी कॅरोल हिच्यासह हे कार्य पुढे नेले आणि न्यूयॉर्क विद्यापीठात त्याचे केंद्र उभारले. २०११ साली त्यांचेही निधन झाले.

पण या उपचाराचा खरोखर उपयोग होतो काय? एका मुलाच्या हकीकतीवरून असे ठरविता येत नाही. ते मूल वाढत्या वयामुळे सुधारले, की पियानोमुळे, हे कोणी सांगावे? म्हणून नऊ देशांतील ३६४ स्वमग्न मुलांवर एक मोठा प्रयोग करण्यात आला. ही मुले चार ते सात वर्षांची होती. काहींना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला संगीतोपचार मिळाला, बाकीच्यांना मिळाला नाही. पाच महिन्यांनी दोन्ही गटांची तपासणी झाली. २०१७ साली निकाल जाहीर झाला, तो अनेकांस निराश करणारा होता. स्वमग्नतेच्या लक्षणांत दोन्ही गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

येथे कोणी म्हणेल, मग हा सारा खटाटोप फुकटच! शास्त्रज्ञ इतक्या घाईने निर्णय देत नाहीत. २०२२ साली अशा २६ अभ्यासांचा एकत्र विचार करण्यात आला. त्यांत मिळून हजाराहून अधिक माणसे होती. संगीतोपचार घेतलेल्यांची एकंदर स्थिती सुधारण्याचा व त्यांचे जीवन अधिक सुखाचे होण्याचा संभव अधिक दिसतो, असा निष्कर्ष त्यातून निघाला. हे अभ्यास फारसे दीर्घ मुदतीचे नव्हते. तेव्हा परिणाम किती काळ टिकतो, हा प्रश्न राहतोच. एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे. संगीताने स्वमग्नता नाहीशी होत नाही, आणि ती नाहीशी करतो म्हणणाऱ्यावर आईबापांनी विश्वास ठेवू नये. डॉक्टर, वाचा शिकविणारे शिक्षक आणि घरची माणसे यांच्या बरोबरीने संगीतोपचारक काम करतो, त्यांच्याऐवजी नव्हे.

हा उपचारक होण्यास वाद्यावर हुकमत हवी. शिवाय मुलांच्या वाढीचे शास्त्र शिकावे लागते. कानांवर हात ठेवणाऱ्या मुलापुढे पियानो किती हळू वाजवावा, हे त्याला कळले पाहिजे. मुलाचे नाव गुंफून स्वागताचे गीत गावे, अखेरीस निरोपाचे गीत गावे, असा या भेटींचा परिपाठ असतो. जे मूल आपल्या नावाला मान वळवून पाहत नाही, तेही काही आठवड्यांनी कधी कधी आपले नाव येण्याची जागा ओळखते. उपचारक त्या जागेपाशी गाणे थांबवितो आणि वाट पाहतो. कधी थाप पडते, कधी नुसता हुंकार येतो. कधी काहीच येत नाही, आणि मग तो पुढच्या भेटीत पुन्हा तेथेच थांबतो.