लेकराच्या दुधाची वेळ हक्काची



बाळंतपणाची रजा किती असते हे आता बऱ्याच जणींना माहीत आहे. पण रजा संपून कामावर परत गेलं की अंगावरच्या लेकराचं काय, हे कोणी सांगत नाही. कितीतरी जणी मुकाट्यानं दूध तोडतात, नाहीतर कामच सोडून देतात. आज आपण याच गोष्टीवर बोलू. कायद्यानं आईला कामाच्या वेळेत लेकराला पाजायला वेळ दिला आहे. तो कसा घ्यायचा आणि जिथं कायदा पोचत नाही तिथं काय करायचं, हे आज आम्ही सांगणार आहोत.

आधी थोडा हिशेब करू. पहिल्या दोन लेकरांसाठी भरपगारी रजा २६ आठवडे मिळते. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. जिनं ते घेतले, तिच्याकडे नंतर १८ आठवडेच उरतात. म्हणजे ती कामावर परत जाते तेव्हा लेकरू चार-साडेचार महिन्यांचं असतं. तिसऱ्या लेकराला रजा १२ आठवड्यांचीच आहे, म्हणजे ते आणखी लहान असणार. आणि डॉक्टर, आशाताई काय सांगतात? पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. पुढे वरचं खाणं सुरू करून दोन वर्षांपर्यंत दूध चालू ठेवा. मग आई दिवसभर बाहेर असेल तर हे जमायचं कसं? त्यासाठीच ही तरतूद आहे.

कायदा काय म्हणतो ते ऐका. बाळंत होऊन कामावर परतलेल्या बाईला, जेवणाच्या सुटीशिवाय, रोज दोन वेळा लेकराला पाजण्यासाठी विश्रांती द्यायची. लेकरू पंधरा महिन्यांचं होईपर्यंत द्यायची. त्या वेळेचा एक पैसाही पगारातून कापायचा नाही. ही तरतूद १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात होती. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. नाव बदललं, हक्क तोच राहिला. कोणी म्हणालं, "तो जुना कायदा गेला आता," तर हे सांगायचं.

हा कायदा कारखाने, खाणी, मळे आणि दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेली दुकानं, संस्था यांना लागू आहे. आपल्या जिल्ह्यात खामगाव, मलकापूर, चिखलीकडे एमआयडीसीतले कारखाने आहेत, सरकी-रुईच्या जिनिंग आहेत, डाळ मिल आहेत. तिथल्या कितीतरी बाया ठेकेदारामार्फत कामाला असतात. ठेकेदाराकडून आली म्हणून बाईचा हक्क जात नाही. रोजंदारीवर आहे म्हणूनही जात नाही. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरच्या बायांनी हा झगडा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. न्यायालयानं ८ मार्च २००० रोजी निकाल दिला की रोजंदारीवरच्या बाईलाही बाळंतपणाचे लाभ द्यावे लागतील. रजेच्या पगारासाठी बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. म्हणून हजेरीचे दिवस आपल्या वहीत लिहून ठेवा. दूध पाजण्याच्या विश्रांतीला मात्र ८० दिवसांची अट नाही.

आता पाळणाघराचं. जिथं पन्नास किंवा जास्त कामगार आहेत तिथं पाळणाघर हवं. पन्नास बाया नव्हे हो, बाया-गडी मिळून पन्नास. आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊन यायची मुभा आहे, जेवणाच्या सुटीतली फेरी त्यातच धरून. मालकाला एकट्याला परवडत नसेल तर दोन-चार कारखान्यांनी मिळून एक पाळणाघर चालवावं, किंवा एखाद्या संस्थेचं सामाईक पाळणाघर वापरावं, अशी सोय नव्या संहितेत आहे. एमआयडीसीजवळच्या गावांतल्या ग्रामसंघांनी हे काम अंगावर घेता येईल का, याचा विचार बैठकीत जरूर करा. लेकरांची सोय होईल आणि आपल्यातल्या दोघी-चौघींना रोजगारही मिळेल.

काही जणी म्हणतील, कायदा असतो कागदावर, आपलं ऐकतो कोण? तर विधानभवनातली गोष्ट सांगतो. नाशिक जिल्ह्यातल्या देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनाला आल्या त्या कडेवर अडीच महिन्यांचं लेकरू घेऊन. मतदारांचे प्रश्न मांडायचे होते आणि लेकरू अंगावरचं होतं, दोन्ही सोडता येत नव्हतं. पुढच्या वर्षी मुंबईच्या अधिवेशनात हिरकणी कक्षात गेल्या तर तिथं धूळ. त्या गप्प बसल्या नाहीत, सगळ्यांसमोर बोलल्या. मग यंत्रणा हलली. आमदार बाईलासुद्धा तोंड उघडावं लागलं, तर आपण संकोच का करावा?

हिरकणीची गोष्ट आपण लेकरांना सांगतो. रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हं वाट बघत होतं, म्हणून ती अंधारात कडा उतरली. तिचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण दरवाजा उघडला असता तर तिला जीव धोक्यात घालायची वेळ आली नसती. कायद्यातली ही विश्रांती म्हणजे तो दरवाजा आहे. तो उघडून घ्यायचा, रोज कडा उतरायचा नाही.

आणि हे कोणाचे उपकार नाहीत. मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा १९२९ साली झाला. त्याच्या आदल्या वर्षी कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर या विधेयकाच्या बाजूनं बोलले होते. आईला या काळात विसावा मिळणं साऱ्या देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. या गोष्टीला आता शंभर वर्षं होत आली.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, कामावर परतायच्या पंधरा दिवस आधीच अर्ज द्या. ऐनवेळी तोंडी विचारलं की सुपरवायझर "बघू" म्हणतो आणि ते बघणं कधी संपत नाही. अर्ज साधा लिहा: "मी अमुक तारखेला कामावर हजर होत आहे. माझं बाळ इतक्या महिन्यांचं आहे. कायद्याप्रमाणे ते पंधरा महिन्यांचं होईपर्यंत मला रोज दोन वेळा दूध पाजण्यासाठी विश्रांती घ्यायची आहे. त्यासाठी सकाळी अमुक आणि दुपारी अमुक ही वेळ सोयीची आहे. बसायला आडोशाची स्वच्छ जागा द्यावी." बघा, यात "कृपा करून सुटी मिळावी" असं कुठं नाही. अर्जाच्या दोन प्रती करा. एकीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्या आणि ती घरी जपून ठेवा.

दुसरी गोष्ट, एकटीनं जाऊ नका. आज एकीचं लेकरू लहान आहे, उद्या दुसरीचं असेल. चार-पाच जणींच्या सह्यांचा अर्ज असला की एकीवर डोळा ठेवता येत नाही.

तिसरी गोष्ट, नकार आला तर तोही लेखी मागा. मग अर्जाची प्रत घेऊन सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात तक्रार द्या. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तिथं मोफत वकील मिळतो, तिची कमाई किती हे बघत नाहीत. त्यांचा फोन नंबर १५१०० आहे.

आता शेतात रोजानं जाणाऱ्या बायांचं बोलू, कारण आपल्यात त्याच जास्त. खरं सांगायचं तर खाजगी वावरात हा कायदा पोचत नाही. रोजगार हमीच्या कामावर मात्र २००५ च्या कायद्यानं पाळणा ठरवून दिला: सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं आली तर एका बाईला ती सांभाळायला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. तीच रीत आपण आपल्या टोळीत आणू शकतो. निंदणाचा, सोंगणीचा भाव ठरतो तेव्हाच सांगायचं की लेकुरवाळ्या बाया दोनदा पाजायला जातील, रोज कापायचा नाही. कपाशीची वेचणी किलोवर असते. तिथं वेळ कोणी कापत नाही, पण वजन घटतं. मग सगळ्या लेकरांवर एक वयस्क बाई ठेवा आणि प्रत्येकीनं आपल्या वेचणीतून तिचा वाटा काढा. पाळणा बांधायचा तो सावलीत, फवारणीच्या वावरापासून लांब. पाजायच्या आधी साबणानं हात आणि छाती धुवा. वरचा सदरा काढूनच लेकराला जवळ घ्या.

जिथं लेकरू जवळ आणता येत नाही, तिथं दूध हातानं पिळून ठेवता येतं. हात धुवा, उकळलेली स्टीलची वाटी घ्या, वर झाकण ठेवा. पंचवीस अंशांपर्यंतच्या हवेत ते चार तास टिकतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेवढं धरू नका, लवकर पाजा. चुलीवर तापवू नका, गार वाटलं तर वाटी कोमट पाण्यात ठेवा. बाटली नको, वाटी-चमचाच बरा. कामावर असताना छाती भरून आली तर थोडं दूध काढून टाका. तसंच राहू दिलं तर गाठी होतात, ठणकतं, ताप येतो. शिवाय पुढे दूधही कमी होतं. गाठ गेली नाही किंवा ताप आला तर अंगावर काढू नका, दवाखान्यात जा.

सयांनो, पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एवढं विचारा: आपल्या गटात अंगावरचं लेकरू कोणाचं आहे, आणि ती कामावर कधी जाणार आहे? तिचा अर्ज तिथंच बसून लिहा. जिला लिहिता येत नाही तिचा दुसरीनं लिहावा.

पुन्हा भेटू. तोवर लेकरांना जपा, स्वतःलाही जपा. जय जिजाऊ!