तेच सूर, निराळी चाल

मुलांनो, परवा कासुर्डीत वर्गातल्या पोरांना मी 'नटक्रॅकर' या बॅलेचं, म्हणजे युरोपी नृत्यनाट्याचं, रेकॉर्डिंग ऐकवलं. संगीत रशियाच्या चायकोव्हस्कीचं, १८९२ सालचं.

आधी साखरपरीचा नाच. पट्टी ई मायनर, लय संथ, सेलेस्टाची किणकिण. या वाद्यात छोट्या हातोड्या पोलादी पट्ट्यांवर पडतात. वर्ग चिडीचूप! एकजण कुजबुजला, "बाई, कुणीतरी चोरपावलांनी येतंय."

मग त्रेपाक. पट्टी जी मेजर, लय भरधाव. बाकांवर लगेच लेझमीचा ठेका!

गंमत म्हणजे दोन्ही पट्ट्यांचे मूळ सात सूर तेच. बदलतो फक्त मुक्कामाचा सूर, आपला 'सा'.

पेटीवर फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा. आधी पांढरी एकपासून चढा, मग पांढरी सहापासून. दुसऱ्या वेळी काय वाटलं, घरच्यांना सांगा बरं!