सामाईक विमान आणि त्याचें दफ्तर

सामाईक विहिरीवरील पंप बिघडला म्हणजे दुरुस्तीचा खर्च कोणीं सोसावा यावरून भाऊबंदांत कसा तंटा माजतो, हें आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल. वाटा विहिरीचा नसून विमानाचा असला तर काय होतें, हें येथें थोडक्यांत सांगतों.

अमेरिकेंत रिचर्ड सँटुली यांनीं इ. स. १९८६ मध्यें ही पद्धति सुरू केली. विमानाचा सोळावा हिस्सा घेणारास वर्षाकाठीं साधारणतः ५० तास उड्डाणाचा हक्क मिळतो. त्याचें विमान गुंतलेलें असल्यास योजनेंतील दुसऱ्या वाटेकऱ्याचें विमान येतें. वैमानिक नेमणें, दुरुस्ती करणें हें काम एक व्यवस्थापक कंपनी पाहते. आरंभीं या विमानांस खासगी विमानांचेच नियम लागू असत. परंतु ज्यानें आपला वैमानिक कधीं पाहिलाही नाहीं, त्याला खासगी मालक कसें म्हणावें? म्हणून सरकारी विमानवाहतूक खात्यानें २००३ सालीं स्वतंत्र नियम केले.

त्यांतील मुख्य गोष्ट जबाबदारीची. विमान आपल्या सांगण्यावरून आपलीं माणसें घेऊन उडत असतां त्याचा भार आपणांवरही आहे, असें मालकास सही करून मान्य करावें लागतें. काम कंपनीवर सोंपवितां येतें, जबाबदारी झटकतां येत नाहीं.

मग मालकानें खातरजमा करावी कशी? त्यासाठींच दफ्तर. दोन वैमानिक असतांना सामान्यतः १० तासांहून अधिक उड्डाण व १४ तासांहून अधिक कामगिरी नसावी, आणि त्यापूर्वीं १० तास विश्रांति मिळालेली असावी. वैमानिकाचे डोळे तांबारलेले आहेत कीं नाहींत, हें प्रवाशास कोठून दिसणार! तें त्याच्या उड्डाणतासांच्या नोंदींतच शोधावें लागतें. वैमानिकांच्या परवान्यांच्या, परीक्षांच्या व तासांच्या नोंदी किमान १२ महिने, विमानांची यादी ६ महिने जपावी लागते. एकाहून अधिक एंजिनांच्या विमानाचें भारपत्रक दोन प्रतींत होतें. त्यांत उतारूंची संख्या, एकूण वजन व गुरुत्वमध्याचें स्थान लिहितात. एक प्रत वैमानिक मुक्कामापर्यंत नेतो, आणि कंपनीस तें ३० दिवस ठेवावें लागतें.

हीं दफ्तरें तपासण्याचा हक्क मालकासही आहे. स्वतः जमत नसल्यास जाणता माणूस पाठवावा. किती धनिक ही तसदी घेत असतील, याची आम्हांस शंकाच वाटते. सरकारी तपासनीस मात्र केव्हांही, कोठेंही येऊं शकतो, आणि कोणती नोंद कोणापाशीं व कोठें आहे याची चालू यादी कंपनीला त्याच्यापुढें ठेवावी लागते.