वाकळीचे टाके आणि मनाचे आरोग्य

परवा मंगळवार पेठेतील एका घरी आजींचा रक्तदाब तपासायला गेलो होतो. कॉटवर वाकळ अंथरली होती. पांढऱ्या धोतराचे तुकडे आणि त्यांना लुगड्याची जुनी किनार. ती पाहिली आणि २०२१ चा मे महिना आठवला.

कोरोनाची दुसरी लाट कोल्हापुरात जोरात होती. आजींचे यजमान रुग्णालयात दगावले. आजींचाही अहवाल पॉझिटिव्ह असल्याने त्यांना अखेरचे दर्शनदेखील घेता आले नाही. माडीवरच्या खोलीत त्या एकट्या होत्या. सून जिन्यात ताट ठेवी, ते बहुधा तसेच परत येई. आजार सौम्य होता, प्राणवायूची पातळी ९६-९७ होती. पण फोनवर त्या एकच विचारीत, "आता कुणासाठी जेवायचं, डाक्टर?"

यावर माझ्याकडे गोळी नव्हती. मी विचारले, "आजी, खोलीत सुई-दोरा आहे का?" पेटीत यजमानांची धुतलेली धोतरे होती. दुसऱ्या दिवसापासून प्राणवायूचा आकडा विचारून झाला की मी विचारू लागलो, "आज किती शिवलं?" पहिल्या दिवशी वीतभर. शिवताना रडू आले, असेही त्यांनी सांगितले. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "किनार ऱ्हायलीया, ती उद्या लावतो." त्यांच्या तोंडून 'उद्या' हा शब्द मी प्रथमच ऐकला. त्या रात्री अर्धी भाकरी पोटात गेली.

आजी बऱ्या झाल्या त्या वाकळीमुळे, असे मी म्हणणार नाही. आजार मुळात सौम्य होता. पण बंद खोलीत दिवस आणि रात्र सारखेच होतात, तेव्हा अपुरे राहिलेले काम माणसाला उद्याकडे ओढते.

शास्त्र काय सांगते?

अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ प्रौढांना ४५ मिनिटे चित्रे, मातीकाम, चिकटकाम करायला दिले. सुमारे पाऊणजणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, कमी झाले. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तो लहान आहे, पण एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: कलेचा पूर्वानुभव असलेले आणि नसलेले यांच्यात फारसा फरक आढळला नाही. म्हणजे काम सुबक झाले पाहिजे, अशी अट नाही.

आपल्या कलापुरात आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाकाठी एकांतात राहून निसर्गचित्रे काढली. तो एकांत त्यांनी पत्करलेला होता. आजाराने लादलेला एकटेपणा निराळा असतो. तिथे उत्तम कलाकृतीची अपेक्षा धरू नये. हात चालते राहिले, तरी पुष्कळ झाले.

घरच्यांनी काय करावे?

महामारी ओसरली, तरी कांजिण्या, क्षय किंवा मोडलेले हाड यांमुळे खोलीत अडकलेली माणसे आजही घरोघर आहेत. त्यांच्यासाठी एवढे करावे:

१. घरात असेल तेच साहित्य द्यावे. पाटी-खडू, रांगोळी, जुनी वर्तमानपत्रे, लोकर किंवा वही. ओव्या पाठ असतील तर त्या म्हणायला सांगून फोनवर ध्वनिमुद्रित कराव्यात.

२. रोज एक वेळ ठरवावी. अर्धा तास पुरे. ताप, धाप किंवा थकवा असेल तर विश्रांतीच घ्यावी.

३. चुका काढू नयेत. "आज किती झालं?" एवढेच विचारावे.

४. औषधे बंद करू नयेत. छंद हा उपचाराला जोड आहे, पर्याय नव्हे.

५. दोन आठवडे झोप, भूक नसेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटावे. जगणे नकोसे वाटत असल्यास एक दिवसही थांबू नये. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते.

आजींचा रक्तदाब ठीक निघाला. निघताना वाकळीवर हात फिरवून त्या म्हणाल्या, "टाकं वाकडंच पडल्यात, पर ऊब हाय."