पोटदुखीआड दडलेला पॉर्फिरिया

पोटात असह्य कळा, उलट्या, बद्धकोष्ठता, छातीत धडधड. सोनोग्राफीत मात्र काहीच आढळत नाही. अशा रुग्णावर कधी अपेंडिक्सची अनावश्यक शस्त्रक्रिया होते, तर कधी आजार ‘मनाचा’ ठरवला जातो. क्वचित प्रसंगी यामागे ‘अक्यूट पॉर्फिरिया’ हा आनुवंशिक चयापचय विकार असतो.

हिमोग्लोबिनमधील लोहयुक्त घटक म्हणजे हीम. ते यकृतातही तयार होते आणि त्यासाठी आठ विकरे, म्हणजेच एन्झाइम, क्रमाने काम करतात. त्यांतील एक जेमतेम निम्म्या क्षमतेचे असले तरी एरवी काही बिघडत नाही. परंतु हीमची गरज अचानक वाढली, की अर्धवट तयार झालेली द्रव्ये साठतात आणि मज्जातंतूंना इजा पोहोचते. त्यातून वेदना, हातापायांतील दुबळेपणा, भ्रम किंवा आकडी उद्भवते. उपचार लांबल्यास श्वसनाचे स्नायूही निकामी होऊ शकतात.

झटके प्रामुख्याने तरुण व मध्यमवयीन स्त्रियांत, बहुधा पाळीपूर्वी येतात. उपासमार, मद्यपान, जंतुसंसर्ग आणि काही औषधे ही अन्य निमित्ते. फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, सल्फा गटातील औषधे येथे घातक ठरतात. म्हणजे आकडीवर नेहमी दिले जाणारे औषधच आजार बळावू शकते. म्हणूनच निदान आधी व्हायला हवे.

त्यासाठी झटका सुरू असतानाच लघवीतील पोर्फोबिलिनोजेन तपासावे लागते. नमुना प्रकाशापासून झाकून ठेवणे आवश्यक असते. लघवी काही वेळ उजेडात राहिल्यास गडद लालसर होणे, हीही महत्त्वाची खूण आहे.

उपचारांत शिरेवाटे ग्लुकोज आणि तीव्र झटक्यात हेमिन दिले जाते. वारंवार झटके येणाऱ्यांसाठी गिवोसिरान या औषधाला अमेरिकेत 2019 मध्ये मान्यता मिळाली.

बहुतांश प्रकारांत हा दोष अपत्याकडे, मुलगा असो वा मुलगी, जाण्याची शक्यता निम्मी असते. मात्र दोष असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना आयुष्यात एकही झटका येत नाही. त्यामुळे कुटुंबीयांची तपासणी भीतीपोटी नव्हे, तर सावधगिरीसाठी करावी.

रुग्णाने वेळेवर जेवावे. हरतालिका वा एकादशीचा निर्जळी उपवास आणि झटपट वजन घटवणारा आहार टाळावा. निषिद्ध औषधांची यादी जवळ बाळगावी आणि भूल घेण्यापूर्वी, दाताच्या दवाखान्यातसुद्धा, ती डॉक्टरांना दाखवावी.