कालवड कोणाला म्हणावे?

कालवड म्हणजे गायीचे वाढलेले, पण अजून न व्यालेले मादी वासरू. आईला पिणारे पिल्लू नर असो वा मादी, ते वासरूच. दूध तुटून ते चाऱ्यावर आले, की मादीला कालवड आणि नराला गोऱ्हा म्हणतात. म्हशीचे शब्द निराळे आहेत: पिल्लू ते रेडकू, वयात येणारी मादी ती वगार.

कालवडीची खरी हद्द वयाने नव्हे, वेताने ठरते. वयात आल्यावर ती साधारण दर 21 दिवसांनी माजावर येते. फळली की गाभण कालवड. सुमारे 280 दिवसांनी व्याली की ती पहिलारू गाय होते.

नांदेडच्या कंधार भागातली गडद तांबडी लाल कंधारी आणि लातूरच्या उदगीर-देवणी पट्ट्यातली पांढरी-काळी देवणी या जातींत पहिले वेत बहुधा तीन ते चार वर्षांच्या वयात येते. संकरित कालवड त्याआधी विते. म्हणून देशी कालवडीला उशीर झाला एवढ्यावरून तिला वांझ ठरवून विकणे चूक आहे. आधी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी.

एका बाबतीत मात्र शंका रास्त असते. नर-मादी जुळ्यांतली मादी बहुतेक वेळा वांझच निघते. गर्भाशयात दोघांचे रक्त एकमेकांत मिसळते आणि नराच्या संप्रेरकांमुळे तिचे जननेंद्रिय नीट वाढत नाही. अशी वासरे जन्मताच लक्षात ठेवावीत.