अमेरिकेत सही कोणाची चालते?

सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशीची गोष्ट. तारीख २० सप्टेंबर २०२५, वार शनिवार. दुसऱ्या दिवशी पान वाढायचं, सोमवारी घट बसायचे, म्हणून ताईला हात द्यायला मी सकाळीच मांजर्लीला तिच्या घरी गेले होते. वडिलांच्या तिथीसाठी ताईचे जावई अमेरिकेहून आले होते आणि दोन दिवस सासुरवाडीला उतरले होते. भाची मात्र नोकरीमुळे तिकडेच होती.

मी चपला काढते आहे तोच ताई डोळे पुसत बाहेर आली. "अगं, संपलं सगळं! त्यांच्या राष्ट्राध्यक्षानं सही केली म्हणे. व्हिसाला एक लाख डॉलर!"

एक लाख डॉलर म्हणजे तेव्हाच्या दरानं जवळजवळ अठ्ठ्याऐंशी लाख रुपये. जावई खुर्चीत बसून फोनकडे टक लावून पाहत होते. कंपनीचा निरोप होता, रविवारी सकाळी साडेनऊच्या आत अमेरिकेत पाय ठेवा. आता बदलापूरहून लोकल कधी पकडायची, विमानतळ कधी गाठायचा आणि अमेरिकेला कधी पोचायचं? ताईनं त्या दिवशी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.

आणि रविवार उजाडेपर्यंत खुलासा आला. ही रक्कम नव्यानं होणाऱ्या अर्जांसाठी आहे, ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांना नाही. जावई आपल्या ठरल्या तारखेला गेले. पण मैत्रिणींनो, ती एक रात्र आम्ही कशी काढली ते आमचं आम्हांला ठाऊक! तेव्हाच मी ठरवलं की ज्या देशाच्या एका सहीनं आपल्या घरची चूल थंड पडते, त्या देशाचा कारभार चालतो तरी कसा, हे समजून घ्यायचंच.

नगराध्यक्ष आणि राष्ट्राध्यक्ष

अमावास्येच्या जेवणानंतर मी जावयांना गाठलं. म्हटलं, "तुमचा राष्ट्राध्यक्ष म्हणजे आमचा पंतप्रधानच ना?"

ते हसले. "नाही मावशी. पंतप्रधान लोकसभेच्या बहुमतावर टिकतो. इथं राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडला जातो, त्यांची संसद वेगळी निवडली जाते."

हे मला खरं उमगलं ते डिसेंबर २०२५ मध्ये, आमच्या कुळगाव-बदलापूर नगरपालिकेच्या निवडणुकीत. नगराध्यक्षासाठी एक मत, नगरसेवकांसाठी वेगळं मत. म्हणजे नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, असंही होऊ शकतं. अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षं आणि १९५१ च्या घटनादुरुस्तीनंतर कुणालाही दोनदाच निवडून येता येतं. गंमत म्हणजे तिथं लोकांची मतं थेट मोजून राष्ट्राध्यक्ष ठरत नाही. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक निर्वाचक असतात. सगळे मिळून ५३८, आणि जिंकायला २७० लागतात. म्हणून तर २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना देशभरात अठ्ठावीस लाखांहून जास्त मतं मिळूनही त्या हरल्या!

संसदेला तिथं काँग्रेस म्हणतात. नावावर जाऊ नका, आपल्याकडच्या पक्षाशी तिचा संबंध नाही. तिची दोन सभागृहं. प्रतिनिधिगृहात ४३५ सभासद, लोकसंख्येप्रमाणे वाटलेले आणि दर दोन वर्षांनी निवडून येणारे. सिनेटमध्ये शंभर. लहान असो की मोठं, प्रत्येक राज्याचे दोनच, मुदत सहा वर्षं.

या प्रतिनिधिगृहात आपला एक मराठी माणूसही जाऊन बसला बरं का! बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार १९७९ साली शिकायला अमेरिकेला गेले. त्यांचं 'ही श्रीची इच्छा' हे मराठी आत्मचरित्र आपल्यापैकी अनेकींनी वाचलं असेल. २०१८ साली मिशिगन राज्याचं गव्हर्नर होण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. २०२० साली ते राज्याच्या विधानसभेत आणि २०२२ साली डेट्रॉइट भागातून थेट प्रतिनिधिगृहात निवडून गेले. २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले. नागरिक होऊन सात वर्षं झालेल्याला प्रतिनिधी होता येतं. राष्ट्राध्यक्ष मात्र जन्मानंच अमेरिकन असावा लागतो.

पैशाची पिशवी कुणाकडे?

कायदा करायचा तो काँग्रेसनं. दोन्ही सभागृहांत मंजूर झाला की राष्ट्राध्यक्षाची सही. त्यानं नकार दिला तर दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर करायचा, मग सहीवाचूनही कायदा होतो.

आणि पैसा? तोही काँग्रेसच्याच हाती. खर्चाची मंजुरी वेळेवर मिळाली नाही तर तिजोरी असून कुलूप, अशी गत होते. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५, असे त्रेचाळीस दिवस तिथली कित्येक सरकारी कामं ठप्प होती आणि लाखो नोकरांचे पगार अडले होते. आपल्याकडे असं झालं तर सरकारच पडेल. तिथं कुणी पडत नाही. दोघंही आपापल्या जागी घट्ट, मधल्या मध्ये नोकरदाराच्या घरी वाण्याची उधारी वाढते.

तिसरी सत्ता न्यायालयाची. सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीश. राष्ट्राध्यक्षानं नाव सुचवायचं, सिनेटनं मान्य करायचं, आणि एकदा खुर्चीत बसले की तहहयात. १७८७ साली फिलाडेल्फियात जमून ज्यांनी ही घटना लिहिली, ते इंग्लंडच्या राजाला नुकतेच झुगारून आले होते. पुन्हा एकट्याच्या हाती सगळ्या किल्ल्या द्यायच्या नाहीत, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं. त्याच फिलाडेल्फियात आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या. पण त्या राष्ट्राची घटना बायकांना मताचा हक्क द्यायला १९२० साल उजाडलं, हेही विसरू नये.

भाचीची नोकरी कशावर उभी आहे?

आता घरच्या गोष्टीकडे येते. जावई एच-१बी व्हिसावर. या व्हिसाची वर्षाची संख्या काँग्रेसच्या कायद्यानं बांधलेली आहे, ६५ हजार आणि तिथं उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. ती राष्ट्राध्यक्षालाही वाढवता येत नाही. पण परदेशी माणसाच्या प्रवेशावर बंधन घालायचा अधिकार काँग्रेसनंच १९५२ च्या कायद्यात राष्ट्राध्यक्षाला देऊन ठेवला आहे. सप्टेंबरची ती सही याच जोरावर झाली, आणि तिच्याविरुद्ध लगेच कोर्टात दावेही गेले.

भाची एच-४ वर, म्हणजे 'नवऱ्याबरोबर आलेली बायको'. इंजिनिअर मुलगी, पण आधी कित्येक वर्षं अशा मुलींना तिथं नोकरीची परवानगीच नव्हती. २०१५ साली सरकारच्या गृहसुरक्षा खात्यानं नियम केला, की नवऱ्याचं कायम वास्तव्याचं काम ठरावीक टप्प्यावर पोचलं असेल तर बायकोला नोकरी करता येईल. लगेच काही अमेरिकन कामगार कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, काँग्रेसनं कायदा केला नसताना खातं परवानगी देणार कोण? खटला वर्षानुवर्षं चालला. मधल्या काळात एका सरकारनं नियम रद्द करायचा घाट घातला, २०२१ साली दुसऱ्यानं तो बेत सोडून दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये अपील न्यायालयानं नियम योग्य ठरवला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

भाची सुटली म्हणून ताईनं साखर वाटली. पण त्याच महिनाअखेरीस खात्यानं दुसरा नियम काढला. कार्डाची मुदत संपली आणि नव्या कार्डाचा अर्ज पडून असला, तर आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद!

फोनवर भाचीच मला म्हणाली, "मावशी, कायदा म्हणजे भिंत आणि नियम म्हणजे पडदा. भिंत पाडायला दोन सभागृहं लागतात, पडदा खात्याला सरकवता येतो. माझी नोकरी पडद्याआड आहे." म्हणून ती कार्डाचा अर्ज जितका लवकर करता येईल तितका लवकर करते आणि चार महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवते. शहाणी आहे पोर!

बातमी आली की

तुमचंही कुणी तिकडे असेल, तर बातमी ऐकून अन्नावरून उठण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे कोण बोललं, राष्ट्राध्यक्ष, काँग्रेस की कोर्ट? हा कायदा आहे, नियम आहे की नुसती घोषणा? आणि हे नव्यानं जाणाऱ्यांना आहे की आधीपासून तिथं असलेल्यांना? उत्तरं मिळेपर्यंत एक रात्र जाऊ द्या, आणि विमानाचं तिकीट रद्द करू नका.

परवा सकाळी मी गेले तेव्हा टीव्हीवर पुन्हा कसलीशी सही चालली होती. ताई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सही झाली खरी, पण बाकीचे दोघं काय म्हणतात ते बघू. तू आधी चहा घे."